मायएसक्यूएल ५.७ वरून ८ वर: तीच तक्रार प्रत्येक अपग्रेडला परत का येते

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. तरीही शाळा, पतसंस्था, छोटे दवाखाने, हिशेबाची सॉफ्टवेअरं अशा कितीतरी ठिकाणी ते अजून चालू आहे. ते ८.० वर नेलं की पहिल्या आठवड्यात काही ठरावीक गोष्टी मोडतात. कोणीतरी कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकतं आणि काम चालू होतं. पुढे ८.४ वर जायची वेळ येते, तेव्हा तीच गोष्ट त्याच जागी परत मोडते, कारण टाकलेली ओळ फक्त जुनी सवय चालू ठेवण्यासाठी होती.

सगळ्यात ठळक उदाहरण पासवर्डच्या जुन्या पद्धतीचं. ८.० मध्ये ‘नेटिव्ह पासवर्ड’ ही डीफॉल्ट पद्धत राहिली नाही, पण हवी असेल तर वापरता येत होती. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ८.४ मध्ये ती मुळातच बंद असते, मुद्दाम चालू करावी लागते. ९.० मध्ये ती काढूनच टाकली आहे. ज्यांनी ८.० वर जाताना क्लायंट (सर्व्हरला जोडलं जाणारं सॉफ्टवेअर) न बदलता सर्व्हरलाच जुन्या पद्धतीवर आणून ठेवलं, त्यांना हे दुखणं तीनदा भोगावं लागतं. म्हणून खाली दुरुस्ती सांगताना ती कुठे करायची यावर माझा जास्त भर आहे.

वाटेबद्दल आधी सांगतो. ५.७ वरून थेट ८.४ वर त्याच डेटा फोल्डरवर जाता येत नाही, मध्ये ८.० लागतंच. ५.६ असेल तर आधी ५.७. आणि ८.० चीही मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच असल्यामुळे तिथे मुक्काम करू नका, फक्त टप्पा म्हणून वापरा.

सर्व्हर उठतच नाही

हा प्रकार दिसायला भयंकर, पण सोडवायला सगळ्यात सोपा. सर्व्हर सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. बरेच जण इथे सर्व्हिस पुन्हा पुन्हा रिस्टार्ट करत बसतात किंवा परवानग्या तपासतात. त्याऐवजी एरर लॉग उघडा आणि शेवटून वर वाचत या. बहुतेक वेळा ‘अननोन व्हेरिएबल’ अशी ओळ सापडते आणि पुढे कॉन्फिग फाइलमधल्या एखाद्या सेटिंगचं नाव असतं.

पहिला संशयित क्वेरी कॅश, म्हणजे आधीच्या क्वेरींची उत्तरं साठवून ठेवणारी सोय. ८.० मधून तो पूर्ण काढला आहे. त्यामुळे ‘क्वेरी कॅश साइझ’ किंवा ‘क्वेरी कॅश टाइप’ यांतली एक जरी ओळ उरली असेल तरी सर्व्हर चालू होणार नाही, किंमत शून्य असली तरीही. दुसरा एसक्यूएल मोड. त्या यादीत ‘नो ऑटो क्रिएट यूजर’ लिहिलेलं असेल तर ते काढा, तो मोड ८.० मध्ये नाही. ‘टीएक्स आयसोलेशन’ हे नाव जाऊन ‘ट्रान्झॅक्शन आयसोलेशन’ आलं आहे. इनोडीबी या साठवणूक इंजिनच्या फाइल फॉरमॅटची आणि ‘लार्ज प्रीफिक्स’ची सेटिंगही गेली आहेत.

८.०.१६ पासून सर्व्हरला ‘व्हॅलिडेट कॉन्फिग’ हा पर्याय आहे. तो दिला की सर्व्हर चालू न होता फक्त कॉन्फिग तपासतो. मात्र पहिली चूक सापडली की तो तिथेच थांबतो, म्हणून ती दुरुस्त करून पुन्हा चालवावा लागतो. तो काहीही न बोलता बाहेर पडेपर्यंत करत राहा.

टेबलांच्या नावांतल्या लहान-मोठ्या अक्षरांचं सेटिंग (लोअर केस टेबल नेम्स) वेगळ्या जातीचं आहे. ८.० मध्ये डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होताना ते ठरतं, त्यानंतर बदलता येत नाही. विंडोजवरून लिनक्सवर जाताना हे हमखास आडवं येतं. नव्या सर्व्हरवर आधी इनिशियलाइझ करून मग सेटिंग टाकलं, तर सर्व्हर उठायला नकार देतो. तेव्हा फोल्डर रिकामं करून सेटिंगसकट पुन्हा इनिशियलाइझ करणं आणि डंप (डेटाबेसची मजकूर स्वरूपातली प्रत) भरणं, एवढाच मार्ग उरतो.

हे सगळं आधी कळायला हवं असेल तर मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर ५.७ चालू असतानाच चालवा. तो काही बदलत नाही, नुसता अहवाल देतो. त्याच्या ‘वॉर्निंग’ सोडून फक्त ‘एरर’ वाचण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. आज जी वॉर्निंग आहे, ती पुढच्या आवृत्तीत बहुधा एरर होऊन येते.

सर्व्हर चालू, पण सॉफ्टवेअर जोडलं जात नाही

इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण सर्वाधिक उलटसुलट सल्ले याच बाबतीत फिरतात.

जुने युजर अपग्रेडनंतरही आपल्या जुन्या पासवर्ड पद्धतीवरच राहतात. म्हणून ८.० वर गेल्याच्या दिवशी सगळं ठीक दिसतं. महिन्याभराने कोणीतरी नवा युजर बनवतं, त्याला ‘कॅशिंग शा-टू’ ही नवी पद्धत लागते आणि फक्त तोच युजर जोडला जात नाही. ‘क्लायंट डझ नॉट सपोर्ट ऑथेंटिकेशन प्रोटोकॉल’ हा १२५१ क्रमांकाचा एरर किंवा प्लगइन लोड न झाल्याचा २०५९ दिसला, तर क्लायंट लायब्ररी जुनी आहे, हे निदान पक्कं. पीएचपी असेल तर ७.४ पासून पुढच्या आवृत्त्यांना ही पद्धत कळते. दुरुस्ती क्लायंटकडे करायची.

याहून फसवा प्रकार म्हणजे जुना युजर, जुना पासवर्ड, तरीही ‘सर्व्हर सेंट कॅरेक्टर सेट २५५ अननोन’. याचा पासवर्डशी काही संबंध नाही. जोडणीच्या पहिल्याच संदेशात सर्व्हर आपलं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) क्रमांकाने सांगतो. ८.० चं नवं कोलेशन २५५ क्रमांकाचं आहे, आणि जुन्या पीएचपीला तो क्रमांकच माहीत नसतो. सर्व्हरचं डीफॉल्ट कोलेशन जुनं ठेवलं की हा एरर जातो, पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या पीएचपीला हा क्रमांक कळत नाही ती इतर कारणांनीही बदलायला झालेली असते.

आता जावावाल्यांचं दुखणं: ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’. याची गंमत अशी की हे कधी येतं, कधी येत नाही. सॉफ्टवेअर महिनोन्‌महिने चालतं. रात्री सर्व्हर रिस्टार्ट होतो आणि सकाळी कोणालाच लॉगिन करता येत नाही. मग कोणीतरी सर्व्हरवर बसून त्याच युजरने कमांड लाइनवरून आत जातं, काय झालंय ते बघण्यासाठी. आणि सॉफ्टवेअर आपोआप चालू होतं. कारण कोणालाच कळत नाही, ‘बघू पुढच्या वेळी’ म्हणून विषय संपतो.

कारण त्या पद्धतीच्या नावातच आहे, कॅशिंग. सर्व्हर एकदा यशस्वी झालेल्या लॉगिनची खूण मेमरीत ठेवतो. ती असेपर्यंत पुढची लॉगिनं झटपट होतात. रिस्टार्ट झाला की मेमरी रिकामी, आणि पहिल्या लॉगिनला संपूर्ण तपासणी लागते. त्यासाठी पासवर्ड सुरक्षित वाटेनेच जायला हवा: एन्क्रिप्टेड जोडणी, त्याच यंत्रावरचं सॉकेट किंवा सर्व्हरच्या पब्लिक कीने बंद करून. तुमच्या जोडणीत एसएसएल (जोडणीचं एन्क्रिप्शन) बंद केलेलं असेल आणि सर्व्हरकडून की मागायची परवानगीही नसेल, तर ड्रायव्हर तिथेच अडतो. कमांड लाइनवरून सॉकेटने किंवा एन्क्रिप्टेड जोडणीने त्याच खात्यात कोणी गेलं की मेमरीत खूण पडते, म्हणून नंतर सॉफ्टवेअरही आत जातं.

सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे जोडणीच्या ओळीत की मागायची परवानगी देऊन टाकणं. त्याने एरर जातो. पण मध्ये बसलेलं कोणी आपलीच की पुढे करून पासवर्ड काढून घेऊ शकतं, म्हणूनच तर ती परवानगी मुळात बंद ठेवलेली आहे. एसएसएल चालू करा. ८.० चा सर्व्हर पहिल्यांदा उठताना स्वतःची प्रमाणपत्रं बनवून ठेवतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी जोडणीतलं ‘एसएसएल नको’ एवढंच काढायचं असतं.

जावाचा ड्रायव्हर फारच जुना, ५.१ च्या मालिकेतला असेल, तर जोडल्याबरोबर तो सर्व्हरला क्वेरी कॅशचं सेटिंग विचारतो आणि ११९३ क्रमांकाचा एरर घेऊन परत येतो. लोक हे सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये शोधत राहतात. तिथे काहीच नसतं. ड्रायव्हर बदला.

एक स्क्रीन चालते, शेजारची मोडते

शाळेच्या निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रँक’ नावाचा कॉलम असतोच असतो. ८.० मध्ये विंडो फंक्शन आली आणि रँक, रो नंबर, ग्रुप्स, सिस्टिम, विंडो, लीड, लॅग हे शब्द राखीव झाले. क्वेरीत ते नुसते आले की १०६४, सिंटॅक्स एरर.

गोंधळ होतो तो यामुळे की काही स्क्रीन चालू राहतात. टेबलाचं नाव, टिंब आणि मग रँक असं लिहिलं असेल तर टिंबानंतरचा शब्द सर्व्हर नाव म्हणूनच वाचतो, म्हणून ती क्वेरी बिनतक्रार चालते. नुसतं रँक लिहिलेली क्वेरी मोडते. म्हणजे वर्गाची यादी दिसते आणि गुणपत्रिका दिसत नाही. डेटा खराब झाला असं समजून बॅकअप काढायला धावू नका. कोडमध्ये तो शब्द शोधा आणि बॅकटिकमध्ये (` या चिन्हांत) टाका. स्टोअर्ड प्रोसीजर आणि ट्रिगरमध्येही शोधा, तिथे तो विसरला जातो. ८.४ मध्ये मॅन्युअल, पॅरलल, क्वालिफाय हे आणखी काही शब्द राखीव झाले आहेत, तेही याच फेरीत बघून घ्या.

मराठी मजकुराचे प्रश्न

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याला दोन ओळी मिळतात आणि आपल्याकडे निम्म्या तक्रारी याच्याच असतात.

अपग्रेडनंतर नावांच्या जागी फ्रेंच धर्तीचे स्वरचिन्हवाले रोमन ‘ए’, मधूनमधून येनचं चलनचिन्ह आणि चौकटी दिसू लागल्या, तर बहुधा डेटा शाबूत आहे, फक्त वाचण्याची पद्धत बदलली आहे. ५.७ पर्यंत सर्व्हरचा डीफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांचा, होता. पीएचपीचा ड्रायव्हर जोडणीसाठी सर्व्हरने सांगितलेला सेटच घेतो. टेबलही लॅटिन-१, जोडणीही लॅटिन-१. त्यामुळे यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांसाठीची पद्धत) मधले मराठी बाइट जसेच्या तसे आत जात आणि तसेच बाहेर येत. सर्व्हरला ते मराठी आहे हे कधी कळलंच नाही. ८.० मध्ये डीफॉल्ट यूटीएफ८-एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) झाला, जोडणी त्यावर गेली, आणि सर्व्हर आता प्रामाणिकपणे लॅटिन-१ चं यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करून देतो. तेच आपल्याला कचरा म्हणून दिसतं.

इथे घाईने टेबलावर ‘कन्व्हर्ट टू’ चालवलं तर तो कचराच कायमचा साठवला जातो. आधी मोजा. ज्या ओळीत ‘मराठी’ हा शब्द असायला हवा अशी एक ओळ घ्या आणि त्या कॉलमची कॅरेक्टर लेंग्थ आणि बाइट लेंग्थ दोन्ही काढा. ‘मराठी’मध्ये म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी ५ चिन्हं आहेत आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. उत्तर ५ आणि १५ आलं तर कॉलम ठीक आहे, चूक दुसरीकडे शोधा. १५ आणि १५ आलं तर मराठी बाइट लॅटिन-१ च्या कॉलममध्ये बसलेले आहेत, हे दुरुस्त होतं. १५ आणि ३१ आलं तर आधीच कोणीतरी रूपांतर करून दुहेरी एन्कोडिंग करून ठेवलं आहे.

दुसऱ्या प्रकाराची दुरुस्ती दोन पायऱ्यांत होते. व्हारचार कॉलम आधी व्हारबायनरी करायचा, म्हणजे सर्व्हर त्या बाइटना लावलेलं लॅटिन-१ चं लेबल विसरतो. मग तो यूटीएफ८-एमबी४ व्हारचार करायचा. टेक्स्ट असेल तर आधी ब्लॉब, मग टेक्स्ट. तिसऱ्या प्रकारात आधी कॉलम परत लॅटिन-१ मध्ये आणायचा आणि मग हेच करायचं. पण त्या टेबलात काही ओळी बिघडलेल्या आणि काही अपग्रेडनंतर नीट भरलेल्या अशी सरमिसळ असेल, तर पूर्ण कॉलमवर हात टाकू नका. लॅटिन-१ मध्ये नेताना नीट असलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात आणि ती परत येणार नाहीत. अशा वेळी मोजणीच्या आधारे ओळी वेगळ्या काढूनच काम करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा सुरक्षित मार्ग मला माहीत नाही.

कॉलम रुंद करताना १०७१ आला, ‘की’ फार लांब झाली म्हणून, तर टेबलाचा रो फॉरमॅट बघा. जुन्या कॉम्पॅक्ट फॉरमॅटमध्ये इंडेक्सला ७६७ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ८-एमबी४ मध्ये एक चिन्ह ४ बाइटपर्यंतचं धरतात, म्हणून २५५ चिन्हांचा कॉलम १०२० बाइट मागतो. रो फॉरमॅट डायनॅमिक केला की मर्यादा ३०७२ होते. कॉलमची लांबी १९१ करण्याचा जुना सल्ला आता पाळायची गरज नाही.

कोलेशनचा १२६७, ‘इल्लीगल मिक्स’, हा अपग्रेडच्या दिवशी येत नाही. जुनी टेबलं जुन्या कोलेशनवर राहतात. पुढे कोणी नुसतं ‘यूटीएफ८-एमबी४’ लिहून नवं टेबल बनवतं, त्याला ८.० चं नवं ०९०० वालं कोलेशन मिळतं, आणि जुन्या-नव्या टेबलांचा जॉइन करताच एरर. क्वेरीमध्ये ‘कोलेट’ लिहून वेळ मारून नेता येते, पण तेवढ्याने इंडेक्स वापरला जाईनासा होऊ शकतो आणि क्वेरी रांगायला लागते. एक कोलेशन ठरवा आणि टेबलांनाच ते द्या.

एरर न देता बदललेलं

मला खरी भीती याची वाटते. वरचे सगळे एरर निदान ओरडतात तरी.

नव्या ०९०० कोलेशनमध्ये शब्दाच्या शेवटची मोकळी जागा तुलनेत धरली जाते. जुन्यांमध्ये धरली जात नव्हती. तालुक्याच्या कॉलममध्ये कुठे ‘हवेली’ आणि कुठे शेवटी एक स्पेस पडलेलं ‘हवेली’ असेल, तर आधी दोन्ही एकच मानले जात. कोलेशन बदलल्यावर अर्ध्या ओळी शोधात सापडत नाहीत, आणि अहवालात हवेली तालुका दोनदा येतो. रूपांतर करण्याआधी सगळ्या मजकूर कॉलमांवर ट्रिम चालवून घ्या.

ग्रुप बाय आधी आपोआप क्रमही लावायचं. ८.० मध्ये लावत नाही. ज्या अहवालात ऑर्डर बाय लिहिलेलंच नव्हतं ते वर्षानुवर्षं नीट क्रमाने येत होते, ते आता कसेही येऊ शकतात. नुसत्या छपाईत असेल तर निदान डोळ्यांना दिसतं. पण त्याच क्वेरीत ‘लिमिट’ असेल किंवा पुढचा कोड क्रम गृहीत धरून चालू शिल्लक काढत असेल, तर आकडे चुकतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. कोडमध्ये ग्रुप बाय शोधा, आणि जिथे ऑर्डर बाय नाही तिथे लिहा. हे काम ५.७ वर असतानाच करता येतं.

टाइमस्टॅम्प कॉलममध्ये मुद्दाम नल टाकून आजची वेळ मिळवायची जुनी युक्तीही ८.० च्या डीफॉल्ट सेटिंगवर चालत नाही. नॉट नल कॉलमला १०४८ मिळतो. सेटिंग मागे फिरवता येतं, पण इन्सर्टमधून तो कॉलमच वगळणं जास्त बरं.

आणि डिस्क. ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो आणि ३० दिवस ठेवला जातो. ५.७ वर तो बंद असलेल्या छोट्या सर्व्हरवर दोन-तीन आठवड्यांत जागा संपते. तो बंद करण्यापेक्षा दिवस कमी करा. चुकून पुसलेला डेटा परत मिळवायला तोच उपयोगी पडतो.

मागे फिरायचं असेल तर

८.० ने एकदा डेटा फोल्डर उघडून डेटा डिक्शनरी (टेबलांच्या रचनेची माहिती) बदलली की ते फोल्डर ५.७ ला परत देता येत नाही. जुना बायनरी (सर्व्हरचा प्रोग्राम) पुन्हा बसवून बघणाऱ्यांचा दिवस वाया जातो. परतीचा मार्ग एकच, अपग्रेडआधीचा बॅकअप. तो घेताना ५.७ हळू पद्धतीने बंद करा, म्हणजे ‘फास्ट शटडाउन’ शून्यावर ठेवून, आणि अर्धवट राहिलेली एक्सए (एकाहून जास्त डेटाबेसांत पसरलेली) ट्रान्झॅक्शन आधी निकालात काढा. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर भरून, ‘मराठी’ची मोजणी तिथे ५ आणि १५ येते की १५ आणि १५, तेही लिहून ठेवा.

अपग्रेडनंतर भरलेला डेटाही परत न्यायचा असेल तर ८.० वरून डंप काढून ५.७ मध्ये भरावा लागतो. तिथे १२७३ येतो, कारण ५.७ ला ०९०० कोलेशनचं नावच माहीत नाही. डंप फाइलमध्ये ते नाव बदलून ‘यूटीएफ८-एमबी४ युनिकोड सीआय’ करावं लागतं. ही अदलाबदल फक्त टेबलांच्या व्याख्येत करा. डेटाच्या ओळींमध्ये ते नाव आलेलं असू शकतं, म्हणून व्याख्या आणि डेटा यांचे डंप वेगवेगळे काढणं सोयीचं. उलट, ८.० च्या डंप प्रोग्रामने ५.७ च्या सर्व्हरचा बॅकअप घेताना ‘कॉलम स्टॅटिस्टिक्स’ टेबल सापडत नाही असा ११०९ आला, तर सर्व्हरमध्ये काही बिघडलेलं नाही. डंपला तो पर्याय शून्य करून द्या, किंवा ५.७ चाच डंप प्रोग्राम वापरा.